कुत्र्याचे कान साफ करताना: आधी बघा, मग हात लावा

कुत्र्याच्या कानात इअरबड घालणारी माणसं त्याच्यावर जीव टाकणारीच असतात. कोमट खोबरेल सोडणारेही तसेच. चुकतं ते क्रमात. कुत्रा कान खाजवतोय म्हणजे आत मळ असणार, आणि मळ आहे म्हणजे तो आजच काढला पाहिजे, असा सरळ हिशेब मांडला जातो आणि दुखऱ्या कानात बोट, बड, तेल, जुने ड्रॉप्स असं सगळं जातं. साफसफाई हा इन्फेक्शनवरचा उपचार नव्हे. ती निरोगी कानाची निगा आहे, किंवा डॉक्टरांनी दिलेल्या औषधाच्या आधीची पायरी आहे. याशिवाय तिसरं काम तिच्याकडून होत नाही.

कानाची रचना एकदा लक्षात आली की पुढच्या बऱ्याच सूचना पाठ कराव्या लागत नाहीत. माणसाच्या कानाची नळी साधारण आडवी जाते. कुत्र्याची नळी आधी खाली उतरते, मग काटकोनात वळते आणि तिथून पुढे पडदा असतो. वरून डोकावल्यावर आपल्याला दिसतो तो फक्त उभ्या भागाचा तोंडाकडचा हिस्सा. इअरबड आत सरकवला की बाहेरचा मळ त्या वळणात ठासला जातो. बड पांढरा निघेपर्यंत फिरवत राहिलं तर नाजूक कातडी सोलवटते, आणि सोलवटलेल्या ओल्या कातडीवर जंतू झपाट्याने वाढतात. निरोगी कान मात्र आतला मळ हळूहळू स्वतःच बाहेरच्या बाजूला सरकवत असतो. म्हणून अनेक कुत्र्यांना, विशेषतः उभ्या कानांच्या आपल्या देशी कुत्र्यांना, नियमित साफसफाईची गरजच पडत नाही. लोंबत्या कानांचे कॉकर स्पॅनियल, लॅब्रेडोर, गोल्डन रिट्रीव्हर, बीगल आणि कानात केस उगवणारे शिट्झू, पूडल यांच्याकडे जास्त लक्ष द्यावं लागतं.

१. आधी कान बघायला शिका

आठवड्यातून एक वार ठरवा. कुत्रा निवांत पडलेला असताना, भरपूर उजेडात, दोन्ही कान बघा. एकच कान बघू नका. डावा-उजवा शेजारी ठेवून पाहिले की फरक चटकन कळतो.

कानाची पाळी उलटा, नळीच्या तोंडाशी नजर टाका, मग नाक जवळ नेऊन वास घ्या. वास घ्यायला लोक लाजतात, पण डोळ्यांना दिसण्याआधी बिघाड नाकाला कळतो. शेवटी कानाच्या मुळाशी, गालाच्या वरच्या बाजूला, बोटांनी हलकं दाबा. निरोगी कुत्र्याला हे आवडतं. तो डोकं मागे घेत असेल, ओठ चाटत असेल किंवा कण्हत असेल तर कान दुखतोय.

चांगल्या कानाची कातडी फिकट गुलाबी असते. काही कुत्र्यांमध्ये ती जन्मतःच काळसर असते, तो आजार नव्हे. फिकट पिवळसर-तपकिरी मळाचा पातळ थर चालतो. वास जवळजवळ नसतो.

बिघडलेल्या कानात साधारण असं दिसतं:

- तपकिरी, तेलकट, चिकट मळ आणि आंबूस वास: बहुतेकदा मॅलासेझिया नावाचं यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी.
- पिवळा किंवा हिरवट पातळ स्राव, घाण वास, हात लावू न देणं: बॅक्टेरियाचं इन्फेक्शन.
- कॉफीच्या भुकटीसारखा काळपट सुका चुरा आणि प्रचंड खाज: कानातले माइट्स, म्हणजे बारीक परजीवी किडे. पिल्लांमध्ये जास्त दिसतात आणि एकाकडून दुसऱ्याकडे पसरतात. घरात मांजर असेल तर तिचेही कान बघा.
- फिरून आल्यावर एकाच बाजूने अचानक डोकं झटकणं: आत काहीतरी गेलंय. कुसळ असण्याची शक्यता मोठी.
- पाळीच्या कडेला खपल्या आणि ती कड चोळली की मागचा पाय आपोआप खाजवल्यासारखा हलणं: खरजेची शंका घ्या.

सावधान: ही यादी डॉक्टरांना काय सांगायचं ते कळावं म्हणून आहे. यीस्ट आणि बॅक्टेरिया एकाच कानात एकत्रही असतात. नक्की काय आहे हे स्रावाचा नमुना काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच ठरतं. रंग बघून मेडिकलमधून ड्रॉप्स आणू नका.

२. साफ करायचं की दवाखाना गाठायचा?

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि नेमकी हीच गाळली जाते. खालीलपैकी एक जरी गोष्ट दिसली तरी बाटली बाजूला ठेवा आणि पशुवैद्यकाकडे जा:

- कान लाल, सुजलेला, गरम किंवा दुखरा आहे.
- पू, रक्त किंवा तीव्र वास येतोय.
- डोकं सतत एका बाजूला कललेलं आहे, चालताना तोल जातोय, डोळ्यांची बुबुळं आपोआप इकडून तिकडे हलतायत.
- कमी ऐकू आल्यासारखं वाटतंय.
- पाळी फुगून जाड आणि मऊ झालीये. डोकं फार झटकल्याने पाळीतली रक्तवाहिनी फुटते आणि आत रक्त साठतं. ते घरी सुईने काढायचं नसतं.
- जखमेत किंवा कानात अळ्या दिसतायत.

कारण असं की कानाचा पडदा फाटलेला आहे की नाही हे घरी कळत नाही. डॉक्टर ऑटोस्कोपने, म्हणजे कानात बघायच्या दिव्याच्या उपकरणाने, आत बघतात. पडदा फाटलेला असताना काही क्लीनर आणि जेंटामायसिनसारखी काही औषधं आतल्या कानापर्यंत पोहोचली तर ऐकण्यावर आणि तोलावर कायमचा परिणाम होऊ शकतो.

आणखी एक. दवाखान्यात न्यायचं ठरलं असेल तर "डॉक्टरांपुढे घाण कान कसा न्यायचा" म्हणून आदल्या दिवशी तो धुऊन काढू नका. तपासायला लागतो तो नमुना तुम्ही धुऊन टाकलेला असतो. कान जसा आहे तसा दाखवा.

अळ्यांचं वेगळं सांगायला हवं, कारण पावसाळ्यात हे गल्लीतल्या कुत्र्यांबाबत वारंवार घडतं. कानाच्या टोकाला माशा चावून जखम होते, तिच्यावर माशा अंडी घालतात आणि एक-दोन दिवसांत अळ्या मांस पोखरायला लागतात. रॉकेल, फिनेल, डांबरगोळ्यांची पूड यांतलं काहीही ओतू नका. तेवढ्याने अळ्या मरतीलच असं नाही, कातडी भाजते आणि कुत्रा ते चाटतो. त्याच दिवशी दवाखाना गाठा. मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहे, तालुक्याच्या गावी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो, प्राणिमित्र संस्थांचे लोकही मदतीला येतात. अनोळखी कुत्र्याच्या दुखऱ्या कानाला मोकळ्या हाताने हात घालू नका. दात लागलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि लगेच माणसांच्या दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लशीबद्दल विचारा.

तपासा: वास नाही, दुखणं नाही, लाली नाही, फक्त थोडा मळ दिसतोय? मग पुढे जा. मळही नसेल तर आज काही करायचं नाही. स्वच्छ कान पुन्हा पुन्हा धुतला तर आतली कातडी सतत ओली राहून मऊ पडते, आणि नसलेलं दुखणं तयार होतं.

३. तयारी

सामान फार लागत नाही. कुत्र्यांसाठीचं इअर क्लीनर, कापसाचे मोठे बोळे किंवा गॉज, एक जुना टॉवेल, आणि एरवी न मिळणारा खाऊ. इअरबड या यादीत नाही. असलाच तर पाळीच्या वरच्या, डोळ्यांना दिसणाऱ्या घड्या पुसण्यापुरता.

क्लीनर घेताना कुत्र्याचं वय, आधी झालेली इन्फेक्शनं सांगून डॉक्टरांनाच नाव विचारा. सगळी क्लीनर सारखी नसतात. काही साठलेला मळ सैल करतात, काहींत सॅलिसिलिक किंवा लॅक्टिक आम्ल असल्याने मळ सुटून कान लवकर कोरडा होतो, काहींत क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक असतं. पोहणाऱ्या लॅब्रेडोरला लागतं ते आणि तेलकट कानांच्या कॉकरला लागतं ते वेगळं असू शकतं.

काय वापरायचं नाही, ते जरा सविस्तर सांगतो, कारण प्रत्येक घरात एकेक रामबाण उपाय असतोच.

खोबरेल, मोहरीचं तेल, लसूण घालून कढवलेलं तेल: "दोन थेंब सोड, आराम पडेल त्याला" असं घरातली मोठी माणसं मायेने सांगतात. तेल वळणात साठतं, मळ त्याला धरून बसतो, आणि यीस्टला तेलकट जागा आवडतेच. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस बघून साफ झाल्याचं समाधान मिळतं, पण ते कातडी चिडवतं आणि मागे ओल ठेवतं. स्पिरिट आणि व्हिनेगर सोलवटलेल्या कातडीवर भयंकर झोंबतात. एकदा झोंबलं की पुढच्या वेळी बाटली बघूनच कुत्रा पलंगाखाली जातो. नुसतं पाणीही नको, ते मळ सोडवत नाही आणि लवकर सुकतही नाही. टाल्कम पावडर आत ओलीशी मिसळून गोळे धरते. माणसांचे इअर ड्रॉप्स आणि मागच्या वर्षीचे उरलेले ड्रॉप्स यांची जागा कचऱ्याच्या डब्यात. कान दुखतोय म्हणून आपली पॅरासिटॅमॉल किंवा आयबुप्रोफेनची गोळी तर मुळीच देऊ नका. कुत्र्यांना ती विषारी ठरू शकते.

जागा अशी निवडा जिथे भिंतीवर शिंतोडे उडाले तरी चालेल: बाथरूम, गॅलरी, अंगण. सोफा नको. फरशी गुळगुळीत असेल तर खाली टॉवेल किंवा पायपुसणं टाका, पाय घसरला की कुत्रा घाबरतो. बाटली आधी पाच-दहा मिनिटं खिशात किंवा कोमट पाण्यात ठेवा. फ्रीजमधला थंडगार द्रव कानात गेला तर कोणीही उडी मारेल. उलट गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये गरमही करू नका.

कुत्र्याची तयारी सामानापेक्षा महत्त्वाची. पहिल्याच दिवशी चौघांनी धरून कान धुतला तर आयुष्यभर चौघं लागतील. सुरुवातीचे काही दिवस फक्त पाळी उचला, खाऊ द्या, सोडा. मग कोरडा बोळा पाळीला लावा, खाऊ द्या, सोडा. मग बाटली शेजारी ठेवून तेच करा. पिल्लू घरात आल्यापासून हा खेळ सुरू केला तर पुढे फार सोपं जातं. चाटायला ताटलीत दाट दही लावून दिलं की काहींचं लक्ष तिकडे राहतं. पीनट बटर देणार असाल तर घटकांत झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) नाही ना ते वाचून घ्या, कुत्र्यांसाठी ते घातक आहे.

थांबा: कुत्रा गुरगुरतोय, अंग ताठ करतोय, डोळ्यांचा पांढरा भाग दाखवतोय? आज सोडून द्या. नेहमी शांत असणारा कुत्रा कानाला हात लावल्यावर असं करत असेल तर ते नाटक नाही, दुखणं आहे. पायरी २ वर परत जा.

४. प्रत्यक्ष साफसफाई

दोन माणसं असतील तर एकाने छातीखालून आणि मानेभोवती सैल मिठी मारावी, दुसऱ्याने कान बघावा. एकटे असाल तर लहान कुत्र्याला दोन गुडघ्यांमध्ये, तुमच्याकडे पाठ करून बसवा. मोठ्याला भिंतीच्या कोपऱ्यात बसवा, म्हणजे मागे सरकायला जागा राहत नाही.

१) पाळी धरून हलकेच वर ओढा. उभी नळी थोडी सरळ होते आणि तिचं तोंड दिसतं. पाळी पिळू नका.

२) बाटलीचं टोक तोंडाजवळ धरा, आत खुपसू नका आणि कातडीला टेकवू नका. टेकलं तर कानातले जंतू बाटलीत जातात आणि पुढच्या वेळी तेच दुसऱ्या कानात. चुकून टेकलंच तर टोक स्वच्छ पुसा.

३) नळी भरेल एवढा द्रव सोडा. इथे लोक काटकसर करतात: दोन-चार थेंब टाकून बोळा फिरवतात. तेवढ्याने वळणापलीकडचा मळ भिजतच नाही. द्रव तोंडाशी आलेला दिसला पाहिजे. कुत्रा लगेच डोकं झटकेल म्हणून पाळी सोडू नका.

४) पाळी खाली घेऊन कानाच्या मुळाशी अंगठा आणि दोन बोटांनी मसाज करा, साधारण २० ते ३० सेकंद. कानामागच्या त्या मऊ नळीसारख्या उंचवट्यावर बोटं बरोबर बसली की आतून पचपच आवाज येतो. आवाज येत नसेल तर एकतर जागा चुकलीये किंवा द्रव कमी पडलाय. बरेच कुत्रे इथे डोळे अर्धवट मिटून डोकं हातावर टेकवतात.

५) आता सोडा आणि मागे व्हा. त्याला मनसोक्त डोकं झटकू द्या. खोलवरचा सुटलेला मळ या झटक्याने वर येतो, आणि हे काम आपल्या कोणत्याही साधनापेक्षा तोच चांगलं करतो. "शहाण्यासारखा बस" म्हणून त्याचं डोकं धरून ठेवू नका.

६) बोटाला गॉज किंवा कापूस गुंडाळून, बोट सहज जाईल तेवढंच आत घालून, आतून बाहेर पुसा. पाळीच्या आतल्या घड्याही पुसा. कोपरे पुसताना बोळा बदला. काय निघालं ते बघा, रंग लक्षात ठेवा.

७) मळ अजून बराच येत असेल तर एकदा पुन्हा भरा, चोळा, झटकू द्या, पुसा. त्यापुढे नाही. बोळा पांढरा शुभ्र निघालाच पाहिजे असा हट्ट नको.

८) दुसऱ्या कानाला नवा बोळा. खाऊ शेवटी एकदम देऊ नका, प्रत्येक कानानंतर द्या.

तपासा: दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा. कान कोरडा आणि शांत दिसायला हवा. लाली वाढली, तो कान जमिनीवर घासायला लागला, डोकं तिरकं धरलं किंवा लडखडला तर ते क्लीनर पुन्हा वापरू नका आणि डॉक्टरांना फोन करा.

किती दिवसांनी करायचं? निरोगी कानाला ठरलेलं वेळापत्रक नसतं. बघणं दर आठवड्याला, धुणं मळ दिसला तर. वारंवार इन्फेक्शन होणाऱ्या किंवा लोंबत्या तेलकट कानांच्या कुत्र्यांना आठवड्याला किंवा पंधरवड्याला एकदा लागू शकतं, ते डॉक्टरांशी बोलून ठरवा. रोज धुण्याची सवय कोणालाच लावू नका.

५. औषध सुरू असेल तर

आधी साफ, मग औषध. उलट केलं तर महागडे ड्रॉप्स मळाच्या थरावर पडतात आणि झटक्यासरशी भिंतीवर जातात. साफ केल्यावर कान थोडा सुकू द्या, किती थांबायचं ते डॉक्टरांना विचारून घ्या, आणि मग सांगितलेले थेंब मोजून टाका. त्यानंतरही मुळाशी मसाज करायचा असतो.

याला एक अपवाद आहे. काही औषधं डॉक्टर दवाखान्यातच कानात भरतात आणि ती आत बरेच दिवस काम करत राहतात. त्या काळात कान धुवायचा नसतो. धुतलात तर औषध गेलं. म्हणून निघताना प्रश्न विचारा: "आता घरी धुवायचा का, आणि कधीपासून?"

खाज थांबली की ड्रॉप्स बंद करणं ही सगळ्यात नेहमीची चूक. औषधात सूज उतरवणारं स्टेरॉइड असेल तर दोन-तीन दिवसांत आराम पडतो, जंतू मात्र अजून आत असतात. अर्धवट सोडलेल्या उपचारातून चिवट जंतू उरतात, विशेषतः सुडोमोनास नावाचा बॅक्टेरिया घुसला तर मग कान महिनोन्महिने छळतो. दिवस पूर्ण करा आणि फेरतपासणीला जा. वरून छान दिसणारा कान आत बरा झालाय का ते ऑटोस्कोपच सांगतो.

६. पुन्हा होऊ नये म्हणून

ओल हा पहिला शत्रू. कोकणात किंवा मुंबईत जून ते सप्टेंबर हवेतच एवढा दमटपणा असतो की लोंबत्या कानाच्या आत काही सुकतच नाही. अंघोळ घालताना डोक्यावर तांब्याने पाणी ओतू नका, डोकं ओल्या फडक्याने पुसा. कानाच्या तोंडाशी कापसाचा मोठा बोळा सैल ठेवू शकता, पण तो काढायला विसरू नका. समुद्रात, नदीत किंवा विहिरीत पोहून आला की त्याच दिवशी कान कोरडे करा. पोहणाऱ्या कुत्र्यासाठी सुकवणारं क्लीनर डॉक्टरांकडून घेऊन ठेवा. हेअर ड्रायर कानात धरू नका.

पाऊस संपला की कुसळांचे दिवस येतात. टेकडीवरून, माळरानावरून फिरून आलं की कान, बोटांच्या फटी आणि काखा चाचपायच्या. कुसळाची टोकं अशी असतात की ती पुढेच सरकतात, मागे येत नाहीत. पाळीवर दिसलं तर काढा, नळीत गेलं असेल तर चिमटा घेऊन मागे लागू नका.

गोचिडी कानाच्या घड्यांत दडतात. चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ ओढून काढा. काडी लावून जाळायची नाही, बोटांनी चिरडायची नाही. एक सापडली म्हणजे आणखी आहेत असं धरून गोचीड प्रतिबंधक औषध वजनाप्रमाणे सुरू ठेवा. गोचिडीने होणारे ताप कानाच्या दुखण्यापेक्षा कितीतरी गंभीर असतात.

केसाळ कानांचं: कान निरोगी असेल तर आतले केस सरसकट उपटू नका. उपटल्याजागी बारीक जखमा होतात. ग्रूमरला हे आधीच सांगा, नाहीतर "फुल पॅकेज" मध्ये तो ते करून टाकतो. केसांमुळे मळ अडकतोय असं डॉक्टर म्हणाले तर गोष्ट वेगळी.

आणि इतकं सगळं करूनही दर दोन-तीन महिन्यांनी कान बिघडत असेल तर क्लीनर बदलत बसू नका, कारण शोधा. बऱ्याचदा मुळाशी अ‍ॅलर्जी असते. पंजे चाटत बसणं, पोट आणि काखा लाल होणं, तोंड गालिच्यावर घासणं ही तिचीच भावंडं. धूळ आणि परागकणांची असू शकते, खाण्याची असू शकते. खाण्याची आहे का ते बघायला डॉक्टर किमान आठ आठवडे अगदी ठरावीक, आधी न खाल्लेला आहार देतात. त्या काळात चिकन-भात बंद आणि दूध-पोळीही बंद, आजोबांनी टेबलाखालून दिलेलं बिस्किटसुद्धा. ते एक बिस्किट पोटात गेलं तर चाचणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागू शकते, तेव्हा घरातल्या सगळ्यांना बसवून एकदाच नीट सांगा. मध्यम वयाचा कुत्रा सुस्त झालाय, वजन वाढतंय आणि कानही बरे होत नाहीत, असं असेल तर थायरॉइडची तपासणी करायची का तेही विचारा.

बाटलीवर उघडल्याची तारीख मार्करने लिहून ठेवा आणि शेजारी एक छोटी वही: कोणता कान, कसला मळ, कसला वास, कोणतं औषध किती दिवस. पुढच्या वेळी डॉक्टरांपुढे "मागच्या वेळी पिवळ्या झाकणाचे ड्रॉप्स दिले होते" एवढंच सांगायची वेळ येणार नाही.